बाईंनी गावाची हजेरी घेतली

संध्याकाळी माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसणारी पोरं कधीकधी विचारतात, गुरुजी, कालव्याच्या फाट्यावर साकव नव्हता तेव्हा पलीकडची पोरं शाळेत कशी यायची? मी सांगतो, पाइपावरून. त्यांना ते खरं वाटत नाही. धाकटी तर हसतात. त्यांना खरं वाटत नाही, याचंच मला फार बरं वाटतं.

तरी गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं बाभूळमळा गाव अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या मधल्या पट्ट्यात. कालव्याचा फाटा गावाच्या मधून जातो. अलीकडं गावठाण, शाळा, ग्रामपंचायत. पलीकडं मेंढकेवस्ती, साठ-सत्तर उंबऱ्यांची. रस्त्यानं यायचं तर साडेतीन किलोमीटरचा वळसा. म्हणून वस्तीवरची पोरं एका बागायतदाराच्या लोखंडी पाइपावरून फाटा ओलांडायची. पाइप हातभर रुंद, आणि धरायला बाजूनं एक तार ओढलेली. चपला दप्तरात घालायच्या, तार धरायची आणि खाली न बघता चालायचं. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे पाळीचं पाणी आलं, की पाइप आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर उरायचं.

साकव होण्याआधीची काही वर्षं वस्तीवरची कुशाबाई रोज दहाला आणि पाचला फाट्याच्या काठावर येऊन उभी राहायची. खुरपणाऱ्या बायकांची एक टोळी होती, तिची ती मुकादम. कुणाच्याही रानात असली तरी त्या वेळेला खुरपं कमरेला खोचून ती यायची आणि शेवटचं पोर पार होईपर्यंत हलायची नाही. बोलायची काही नाही. नुसती उभी.

म्हाळसा मारकड त्याच वस्तीवरची. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. वस्तीवरून दहावी झालेली ती पहिली मुलगी. बारामतीला डी.एड. केलं, चार वर्षं सुप्याच्या बाजूला नोकरी केली आणि मग आमच्याच शाळेवर आली. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. तिच्या बदलीचा विषय निघाला की गाव अर्ज घेऊन धावायचं, त्यामुळं ती टिकली. पुढं सगळं गाव तिला बाई म्हणू लागलं, तसा मीही म्हणू लागलो.

बाईंची एक सवय होती. हजेरी घेताना नाव पुकारलं की पोरानं उभं राहायचं, हजर म्हणायचं, आणि बाई त्याच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय कॅटलॉगवर पेन टेकवायच्या नाहीत. पन्नास पोरांच्या वर्गात यात वेळ जायचा. मी एकदा म्हणालो, अहो, आवाज ऐकून खूण करत चला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एका आवाजात दोन-दोन पोरं हजर होत्यात. तोंड मात्र एकाला एकच असतं."

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, एका सकाळी, बाई पहिलीची हजेरी घेत होत्या. छकुलीचं नाव आलं. ही कुशाबाईची नात. उत्तर आलं नाही. रोज पहिल्या बाकावर बसणारी पोर. बाई पेन तसंच धरून दाराकडं बघत राहिल्या. तेवढ्यात ट्रॅक्टरवाला दीपक आला. खांद्यावर छकुली, दोघंही पाण्यानं निथळत. कुशाबाई त्या दिवशी निमगावच्या बाजाराला गेली होती, काठावर कुणी नव्हतं. पोरीचा पाय पाइपावरून घसरला. दीपक खालच्या अंगाला ट्रॅक्टर धूत होता, त्याच्या हाताला तिचा फ्रॉक लागला म्हणून ती वाचली. बाईंनी तिला आपल्या पदरानं पुसली, मांडीवर घेतली, आणि मग कॅटलॉगवर खूण केली.

त्यानंतर बाईंनी साकवासाठी अर्ज करायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी त्यांना चहा मिळाला आणि हेही सांगण्यात आलं की शिक्षकानं गावच्या कामात पडू नये, हे पंचायतीचं काम आहे. दोन वर्षं हे ऐकल्यावर त्यांनी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सरपंचपद त्या खेपेला महिलांसाठी राखीव निघालं होतं. त्या उभ्या राहिल्या. पारावर थट्टा चालायची की बाई निवडून आल्या तर अख्ख्या गावाला कोंबडा करतील, घरपट्टी थकली की अंगठे धरून उभं करतील. तरी लोकांनी त्यांना निवडून दिलं. निवडणुकीत त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: फाट्यावर साकव.

पहिल्याच दिवशी कुणीतरी सरपंचाच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली. ती बाईंच्या मालकांसाठी होती, कारण आधीच्या दोन बायका सरपंच होत्या तेव्हा कारभार मालकांनीच केला होता. मालकांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाले, "मला शेळ्या सोडायच्यात." ते गेले. ती खुर्ची पुढं शिपायाच्या उपयोगी पडली.

आता अडचण सांगतो.

कालव्यावर काही बांधायचं तर कालव्याच्या कचेरीची परवानगी लागते, आणि परवानगीसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. असा ठराव आमच्या गावानं आधी एकदा केला होता, छकुली पडण्याच्याही दोन वर्षं आधी. कचेरीनं तो परत पाठवला होता. का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे त्यावर हसायचे.

आमच्याकडं ग्रामसभा म्हणजे दहा-पंधरा माणसं. कोरमला शंभर लागतात. मग सभा झाली की शिपाई वही काखेला मारून घरोघर फिरायचा आणि सह्या, अंगठे घेऊन शंभराचा आकडा पुरा करायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. वही घरी येतेच, तर सभेला कशाला जायचं? साकवाच्या ठरावाची वही घेऊन तो कुशाबाईकडं गेला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हात झटकून आपला अंगठा दिला. शिपायानं यादी बघून म्हटलं, गेणबाचा राहिला. गेणबा तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. तिनं त्याच्या नावापुढंही अंगठा दिला. घरातला माणूस आहे, त्याचं नाव आहे, मग रिकामं कसं ठेवायचं, इतकाच तिचा विचार. कचेरीत कुणीतरी तक्रार केली, पंचायतीच्याच मृत्यूनोंदीत गेणबाचं नाव निघालं आणि ठराव रद्द झाला. तेव्हापासून कुणी मेलं की पारावर म्हणायचे, घाबरू नका, ठरावाला येतोय.

बाईंनी नवा प्रस्ताव तयार केला. कचेरीतले साहेब सभ्य होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं की या वेळी त्यांचा माणूस सभेला बसेल, चित्रीकरण होईल, आणि शंभर माणसं समोर दिसली पाहिजेत. कोरम नसल्यानं तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेचा ठराव ते धरणार नाहीत. फेब्रुवारीअखेर कागद आले नाहीत तर प्रस्ताव परत जाईल, आणि पुढं कधी वर येईल ते सांगता येत नाही.

उपसरपंच रविराज बाईंचाच विद्यार्थी. हुशार, पाढे तोंडपाठ, पण कामात जवळची वाट शोधणारा. तो म्हणाला, बाई, पंचवीस-तीस येतील, बाकीच्या सह्या मी दोन दिवसांत गोळा करतो, चित्रीकरण लांबून करू. बाई म्हणाल्या, वही घरी जाणार नाही. तो म्हणाला, मग साकव होणार नाही. हे तो रागानं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

बाई वस्तीवर दारोदार फिरल्या. लोक हो म्हणायचे. पण ‘हो’ म्हणणं आणि येणं यात कांद्याची खुरपणी होती, ऊसतोड होती, दुधाची गाडी होती. कुशाबाईच्या टोळीत तेरा-चौदा बायका. तिनं मनावर घेतलं तर त्या सगळ्या येतील, म्हणून बाई मुद्दाम तिच्याकडं रानात गेल्या. मीही सोबत होतो. बायका जेवायला बसल्या होत्या. बाई बांधावर टेकल्या आणि सभेचं सांगितलं.

कुशाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "मी न्हाय यायची, म्हाळसा. माझ्या बायकाबी न्हाय यायच्या."

बाईंनी विचारलं, का?

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. बाकीच्या बायकांनी तोंडं फिरवली. मग ती म्हणाली, "माझा अंगठा अवलक्षणी हाय. एकदा लागला आन पूल गेला. तवाच पूल झाला असता तर माझी छकुली पाण्यात कशाला पडली असती? ती माझ्यामुळं पडली. आता परत त्या वहीला हात लावून काय करू?"

मी इतकी वर्षं तिला काठावर उभी बघत होतो आणि माझी समजूत अशी होती की आजीची माया आहे. ठराव परत आला तेव्हापासून ती तिथं रोज आपली शिक्षा भोगायला येत होती, हे मला त्या दुपारी कळलं. गेणबाच्या विनोदावर मीही हसलेलो होतो.

बाई म्हणाल्या, "काकी, अंगठ्याचा काय दोष? तुमी वहीकडं गेला न्हवता, वही तुमच्या दारात आली. दोष तिथं झाला. वही हलली नसती तर गेणबाकाकाला कुणी बोलावलंच नसतं."

कुशाबाईनं भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. म्हणाली, "बघू." आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’.

सभा शाळेच्या पटांगणात ठेवली होती, सकाळी अकराला. कचेरीचा माणूस साडेदहालाच आला. ग्रामसेवकानं मोबाइल एका काठीला बांधून उभा केला. मला बाईंनी माणसं मोजायच्या कामाला बसवलं. अकरा वाजता चौतीस होती. सव्वाअकराला अडतीस. रविराज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, गुरुजी, तुम्ही तरी सांगा, अजून वेळ गेली नाही. मी बाईंकडं बघितलं. त्या शाळेच्या कपाटाशी उभ्या होत्या. मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी जुने कॅटलॉग काढून घेतले होते, एकोणीस वर्षांचे, आणि त्यांतल्या आज गावात मतदार असलेल्या पोरांच्या नावांखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. गणपतीच्या मंडळाचा कर्णा शाळेच्या गच्चीवर आधीच चढवला होता, तो कशासाठी हे तोवर कुणाला कळलं नव्हतं.

बाई टेबलापाशी आल्या, सगळ्यात जुना कॅटलॉग उघडला, चष्मा लावला आणि वर्गात वाचायच्या त्याच आवाजात वाचायला लागल्या. इयत्ता पहिली. शंभूराज मोहनराव. पटांगणात मागं बसलेला शंभूराज, आता चाळिशीकडं आलेला, दुधाच्या संस्थेचा संचालक, पटकन उभा राहिला आणि म्हणाला, "हजर, बाई." बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि खूण केली. लोक हसले. पुढचं नाव आलं, उत्तर नाही. बाई थोड्या थांबल्या आणि कर्ण्यातून म्हणाल्या, "गैरहजर."

तो शब्द फाट्यावरून, उसावरून, पार वस्तीच्या टोकापर्यंत गेला.

पाच-सहा ‘गैरहजर’ झाल्यावर गावात हालचाल सुरू झाली. नंतर ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकलं. एकाची बायको गोठ्यातून ओरडली, तुमचं नाव घेतलंय बाईंनी, गैरहजर लावलंय. एकाला त्याच्या पोरानं विचारलं, बाबा, तुम्ही शाळा बुडवायचा का? दीपक दाढी करायला बसला होता, तो एका गालाला साबण तसाच ठेवून आला. दोघं ऊसतोडीच्या फडातून कोयत्यासह आले आणि बाईंनी त्यांना वर्गात सांगायच्या तसं सांगितलं, ते दाराबाहेर ठेवा. पटांगणाला दार नव्हतं, तरी त्यांनी कोयते कुंपणाला टेकवले. उशिरा आलेला प्रत्येक जण आधी बाईंपुढं जाऊन उभा राही, बाई त्याच्याकडं बघत, मागची पानं उलटून त्याची खूण दुरुस्त करत, आणि मगच तो बसे.

रविराज पुढच्या खुर्चीवर, उपसरपंच म्हणून बसला होता. त्याच्या वर्षाचा कॅटलॉग निघाला. नाव आलं आणि तो हात बांधून उभा राहिला. हजर म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हात बांधलेत. पटांगण हसलं, तोही हसला. त्यानंतर तो मैदानाच्या कडेला जाऊन फोनवर फोन करताना दिसला. "अरे, आपल्या वर्गाचं चाललंय. अजून तुझं नाव आलं न्हाय, ये लवकर," असं तो कुणालातरी सांगत होता.

पावणेएकला मी मोजलं. एक्क्याण्णव. शेवटचा कॅटलॉग संपत आला होता. जी माणसं शाळेत कधी गेलीच नाहीत, त्यांची नावं त्या कॅटलॉगांत नव्हती. त्यातली काही म्हातारी आपणहून आली होती, पण थोडीच. एक वाजला. एक्क्याण्णवच. कचेरीच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, अर्धा तास आणखी थांबतो, नंतर मला लिहावं लागेल. बाईंनी शेवटचं पान मिटलं आणि कर्णा बंद केला. त्यांचा चेहरा मला माहीत होता. छकुलीचं नाव घेऊन दाराकडं बघत होत्या तेव्हाही तो असाच असणार.

त्या शांततेत रस्त्याच्या बाजूनं बायकांचा आवाज आला. साडेतीन किलोमीटरच्या वळशानं, एकामागं एक, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका. पुढं कुशाबाई. पाइपावरून त्या आल्या नाहीत. दहा बायका पाइपावरून आणायच्या, आणि तेही पाइपाविरुद्धच्या सभेला, हे तिला पटलं नसावं.

ती थेट टेबलापाशी आली. दमली होती. म्हणाली, "सकाळपासनं ऐकतीया. सगळ्या गावाचं नाव घेतलं. माझं कुठं हाय?"

बाई म्हणाल्या, "तुमचं कॅटलॉगात न्हाय, काकी. तुमी शाळेत न्हवता."

"मला कुणी घातलंच न्हाय, तर मी काय करू? लिही की मग."

बाईंनी ग्रामसभेची वही पुढं ओढली आणि स्वतःच्या हातानं तिचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. शाईचा डबा उघडून पुढं केला. कुशाबाईनं अंगठा वर धरला आणि तो कागदावर टेकवायच्या आधी कचेरीच्या माणसाला विचारलं, "साहेब, हे बघताय न्हवं? मी हाय हितं. जिती हाय."

तो माणूस म्हणाला, "दिसताय, आजी."

मग तिनं अंगठा उमटवला. तिच्यामागं दहा जणींनी. मी मोजलं, एकशे दोन. पुन्हा मोजलं. मोजायला बसलेल्या माणसानं एकदाच मोजून चालत नाही. एकशे दोनच होती. रविराजनं ठराव वाचला, हात वर झाले, आणि दीपक अर्ध्या दाढीनं अनुमोदक म्हणून उभा राहिला. त्याचं ते रूप कचेरीत अजूनही चित्रीकरणात आहे.

परवानगी एप्रिलमध्ये आली. बांधकामाला त्यानंतर वर्ष लागलं, कारण कालव्याचं पाणी बंद असेल तेव्हाच काम करता यायचं. ते वर्षही काही सोपं गेलं नाही, पण त्या दिवसांत कुणाला चिंता वाटली नाही. कामाला एकदा सुरुवात झाली की ते संपतं, असा आमच्या गावाला पहिल्यांदाच भरवसा वाटत होता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा साकव तयार होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढे कठडे, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद. उद्घाटनाला फीत वगैरे काही नव्हती. पहिल्या दिवशी पोरं पलीकडून येताना सवयीनं साकवाच्या तोंडाशी थांबली आणि चपला काढून दप्तरात घालू लागली. छकुली तेव्हा सातवीत. तिनं त्यांना सांगितलं की आता चपला घालूनच चालायचं. एक-दोघं तरी अनवाणीच आली.

बाई अजून सरपंच आहेत. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरते, वही टेबलावरच राहते. दर वेळी शंभर होतात असं नाही. मागच्या खेपेला साठ झाली आणि सभा तहकूब करावी लागली. बाईंनी कर्ण्यावरून गैरहजर लावण्याची धमकी दिली होती, पण ते दर वेळी शोभत नाही, हे त्यांनाही कळतं. गेणबाचा विनोद मात्र पारावरून गेला. कुणी बंद केला असं नाही. कुशाबाईच त्या दिवसानंतर तो स्वतः सांगायला लागली, मग इतरांना त्यात मजा उरली नाही.

माझं घर फाट्याला लागून आहे. इतक्या वर्षांची सवय, पाच वाजले की माझी नजर अजून काठाकडं जाते. पोरं साकवावरून येतात, कठड्यावरून काठी घासत, भांडत, कुणी पाण्यात खडे टाकत. काठावर कुणी उभं नसतं. कुशाबाईला मी एकदा विचारलं, आता पाचला काय करता? तिला थोडा विचार करावा लागला. म्हणाली, "काय न्हाय, गुरुजी. खुरपत असती."